दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग अतिसंवाहकात त्यांची जोडी कशी जमते?

हेलियमवाला

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

मी एमआरआय मशिनांच्या देखभालीचं काम करतो. चौदा वर्षं झाली. मशिनच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं मोठं वेटोळं असतं, ते द्रव हेलियममध्ये बुडवलेलं. तापमान ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ सेल्सिअस. एकदा करंट भरला की वीजपुरवठा काढून घ्यायचा. करंट आतल्या आत फिरत राहतो, वर्षानुवर्षं, आणि दीड टेस्लाचं चुंबकक्षेत्र जागच्या जागी. कारण इतक्या थंडीत ती तार अतिसंवाहक होते, म्हणजे तिचा प्रतिरोध शून्य. रोजचं झाल्यामुळे मला त्यात काही नवल वाटेनासं झालं होतं.

परवा भाची आली होती. टीवायबीएस्सी, भौतिकशास्त्र. तिने विचारलं, "मामा, पुस्तकात एका ओळीत लिहिलंय की इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात म्हणून प्रतिरोध जातो. पण दोघांचाही भार ऋण. ते एकमेकांना ढकलणार ना?" मी "फोनॉनमुळे जमतात" असं म्हणून वेळ मारून नेली. तिने पुढे विचारलं, "म्हणजे नेमकं काय होतं?" तिथे माझी गाडी अडली.

तर प्रश्न दोन. जोडी जमते कशी? आणि जमली तरी प्रतिरोध का जावा? एकटा माणूस ठेचकाळतो तसं जोडपंही ठेचकाळू शकतं की. गणित बेताचं ठेवा, हात जोडून विनंती.

पुरणपोळी_डाएट

लग्न झालेल्या कोणालाही विचारा, जोडी झाल्यावर प्रतिरोध वाढतो.

(सॉरी. राहवलं नाही. वाचतेय.)

निवृत्त_मास्तर

पुरणपोळीबाई, हा विनोद मी वर्गात अठ्ठावीस वर्षं ऐकला. दर वर्षी मागच्या बाकावरून.

मूळ प्रश्नाआधी थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम द्रवरूप केला. तेव्हा तेवढं थंड जगात दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. मग इतक्या थंडीत धातूंच्या प्रतिरोधाचं काय होतं हा प्रश्न आला. लॉर्ड केल्विन यांचं मत, इलेक्ट्रॉन गोठून जागच्या जागी बसतील आणि प्रतिरोध अनंत होईल. इतरांना वाटायचं की तो हळूहळू शून्याकडे जाईल. ८ एप्रिल १९११ रोजी पारा घेऊन मोजलं तर ४.२ केल्विनच्या आसपास प्रतिरोध एकदम नाहीसा! हळूहळू नव्हे, कड्यावरून पडल्यासारखा. पहिला संशय शॉर्ट सर्किटचाच आला होता.

दुसरी महत्त्वाची तारीख १९३३. बर्लिनमध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवलं की अतिसंवाहक आपल्या पोटातलं चुंबकक्षेत्र बाहेर हाकलतो. नुसता प्रतिरोध शून्य असता तर आत असलेलं क्षेत्र आतच अडकून राहिलं असतं. म्हणजे हा 'फार चांगला संवाहक' नव्हे, ही पदार्थाची वेगळीच अवस्था. हेलियमवाल्यांनी दुसरा प्रश्न विचारलाय ना, त्याचं उत्तर १९३३च्या या प्रयोगात दडलंय. पुढचं तरुण मंडळींनी सांगावं.

शंकासुर

आणि हे समजायला १९५७ उजाडलं. ४६ वर्षं! मध्ये आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, ब्लॉख सगळ्यांनी डोकं लावून पाहिलं. ब्लॉख तर वैतागून म्हणायचे की अतिसंवाहकतेचा कुठलाही सिद्धांत चुकीचा ठरवता येतो, एवढाच काय तो सिद्धांत. त्यामुळे 'फोनॉनमुळे' हे एका शब्दाचं उत्तर देणाऱ्या मामांना मी माफ करतो.

वाट_चुकलेला_फोनॉन

शेवटी माझं नाव निघालंच, म्हणून लिहितो. जर्मनीत याच विषयात काम करतो. दोन बैठकांत लिहिलंय, लांबेल.

हेलियमवाले, आधी 'दोन इलेक्ट्रॉन' हे चित्र डोक्यातून पुसा. एका घनसेंटिमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन किती? ८५ वर एकवीस शून्यं. प्रत्येकजण प्रत्येकाला ढकलतोय. अशा गर्दीत कोणीही एकटा नसतो. एक इलेक्ट्रॉन जिथे असतो तिथून बाकीचे जरा अंग चोरून उभे राहतात, म्हणजे त्याच्याभोवती एक छोटी पोकळी तयार होते आणि ती त्याच्याबरोबर फिरते. थोडं लांबून पाहिलं तर इलेक्ट्रॉनचा ऋणभार आणि पोकळीतून उघडा पडलेला मागचा धनभार एकमेकांना खाऊन टाकतात. परिणामी जे ढकलणं कागदावर लांबपर्यंत पोचतं, ते धातूत एका अणूच्या आकाराएवढ्या अंतरातच विरतं. सहसंबंध म्हणतात तो हाच. कोण कुठे आहे हे बाकीचे कुठे आहेत यावर ठरणं. अतिसंवाहकता पुढची गोष्ट, साध्या तांब्याच्या तारेतही हे चालू असतं.

आता ओढ कुठून आली. धातूतल्या अणूंची जाळी, म्हणजे आयन, इलेक्ट्रॉनच्या मानाने फार जड. इलेक्ट्रॉन सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात वेगाने जातो. तो गेला की जवळचे धन आयन त्याच्याकडे किंचित ओढले जातात, पण त्यांना हलायला वेळ लागतो. सेकंदाचे एकावर तेरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग, साधारण तेवढा. ते हलेपर्यंत इलेक्ट्रॉन शंभर नॅनोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे काहीशे अणू पलीकडे.

आमच्या गल्लीतलं उदाहरण देतो. सकाळी एक भाजीवाला ओरडत हातगाडी घेऊन जायचा. बायका पिशवी शोधून, चपला घालून, जिना उतरून खाली येईपर्यंत तो पुढच्या गल्लीत पोचलेला. पण खाली पिशव्या घेऊन घोळका उभा. तेवढ्यात कोपऱ्यावरून दुसरा भाजीवाला घोळका बघतो आणि गाडी तिकडे वळवतो. या दोघांचं एकमेकांशी हाडवैर. समोरासमोर आले असते तर भांडले असते. पण ते भेटतच नाहीत. पहिल्याने मागे सोडलेल्या घोळक्याकडे दुसरा ओढला जातो. यात सगळी करामत बायकांच्या सावकाशपणाची. त्या लगेच खाली आल्या असत्या तर दुसऱ्याला जवळ यायचं कारण आणि भांडण एकाच जागी मिळालं असतं.

जाळीचा हा सावकाश हलण्याचा प्रकार म्हणजे फोनॉन. आणि ही कल्पना नुसती गोष्ट नाही, याचा पुरावा १९५०चा आहे. पाऱ्याचे जड समस्थानिक घेतले तर अतिसंवाहकतेचं तापमान खाली येतं. इलेक्ट्रॉन तेच, रसायन तेच, फक्त आयन जड. घोळका जमायला आणखी वेळ लागला. जाळीचा काही संबंध नसता तर वजनाने फरक पडायचं कारणच नव्हतं.

पण ही ओढ फार दुबळी असते. मोकळ्या जागेत दोनच कण असते तर इतक्या दुबळ्या ओढीने ते जोडीत अडकलेच नसते. इथे १९५६ साली लिऑन कूपर यांनी मेख शोधली. धातूत खालच्या सगळ्या ऊर्जापातळ्या इतर इलेक्ट्रॉनांनी आधीच अडवलेल्या असतात, पाउलीच्या नियमाने तिथे पुन्हा कोणी बसू शकत नाही. वरच्या काठावर जे दोन उरले त्यांना मागे सरकायला जागाच नाही. अशा वेळी ओढ कितीही दुबळी असो, जोडी जमतेच. म्हणजे जोडी त्या दोघांच्या गुणाने जमत नाही, गर्दीने जमवलेली असते.

किती दुबळी ओढ चालते? सूत्र एकच देतो, शब्दांत. अतिसंवाहकतेचं तापमान येतं ते जाळीच्या कंपनांच्या तापमानाला 'ई'च्या (उणे एक भागिले लॅम्डा) या घाताने गुणून. लॅम्डा म्हणजे ओढीचं बळ. कंपनांचं तापमान ४०० केल्विन धरा, आणि सूत्राच्या सुरुवातीचा १.१३ हा गुणक लावा. लॅम्डा ०.३ असेल तर १६ केल्विन. ०.२ असेल तर ३ केल्विन. ०.१ असेल तर एका केल्विनचा पन्नासावा भाग. बळ तिसऱ्या हिश्श्यावर आलं आणि तापमान आठशे पटीने पडलं. आणखी एक उलटी गंमत यातून कळते. शिसं, पारा हे एरवी सुमार संवाहक, पण ते अतिसंवाहक होतात. तांबं, चांदी, सोनं उत्तम संवाहक, त्यांच्यात अतिसंवाहकता सापडलेली नाही. ज्यांचे इलेक्ट्रॉन जाळीशी जास्त झगडतात त्यांचा एरवी प्रतिरोध जास्त, आणि त्याच झगड्यातून ओढ जन्मते.

दुसरा प्रश्न उद्या. इथे रात्रीचे दीड वाजलेत.

पुरणपोळी_डाएट

भाजीवाल्याचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दुसरा भाजीवाला नेहमी महाग द्यायचा.

हेलियमवाला

फोनॉनभाऊ, साष्टांग दंडवत. भाचीला पाठवलंय.

अवांतर: एकदा डोळ्यांसमोर क्वेंच झालेला पाहिलाय. रुग्णालयाचं नाव घेत नाही. करंट भरताना तारेचा कुठला तरी बारीक भाग तापला, तेवढाच भाग अतिसंवाहक राहिला नाही, तिथे प्रतिरोध आला, प्रतिरोधाने उष्णता, उष्णतेने शेजारचा भाग गेला, आणि काही सेकंदांत सगळं वेटोळं. एक लिटर द्रव हेलियमचा साडेसातशे लिटर वायू होतो. जुन्या मशिनमध्ये दीड हजार लिटरच्या आसपास द्रव. छतावरच्या पाइपातून पांढरा लोट आणि रेल्वे इंजिनासारखा आवाज. खालच्या टपरीवाल्याने अग्निशमन दलाला फोन केला. सांगायचं कारण, त्या दिवशी मला वाटलं होतं की ही जी काही अवस्था आहे ती सगळी मिळून एक आहे. जाते तीही एकत्रच जाते.

शंकासुर

भाजीवाला आवडला, तरी नावाला जागून दोन शंका.

एक. कूपरची जोडी भाजीवाल्यांसारखी शेजारशेजारची नसते. ॲल्युमिनियममध्ये जोडीचा पसारा दीड मायक्रॉनच्या वर. तेवढ्या जागेत दुसऱ्या लाखो जोड्यांचे पाय अडकलेले. मग कोण कोणाची जोडी हे म्हणायला अर्थ काय उरला?

दोन. बरेच लोक लिहितात की जोडी तोडायला ऊर्जा लागते, म्हणजे ऊर्जापातळ्यांत मध्ये रिकामी दरी, गॅप असतो, म्हणून प्रतिरोध नाही. गॅप तर इन्सुलेटरलाही असतो. तो का नाही अतिसंवाहक झाला?

वाट_चुकलेला_फोनॉन

शंकासुर, दुसरी शंका विचारल्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून एक कॉफी. परीक्षेत शंभरातले नव्वद तिथेच घसरतात.

जोड्या हे अर्धंच उत्तर आहे, आणि दुर्दैवाने पुस्तकातल्या त्या एका ओळीत तेवढंच येतं. उरलेलं अर्धं श्रिफर यांना १९५७च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सुचलं. तेव्हा ते इलिनॉयला बार्डीन यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. अडचण नेमकी शंकासुरांची पहिली शंका. जोड्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की एक-एक वेगळी काढून हिशोब जमत नव्हता. त्यांनी एक-एक जोडी मोजणं सोडूनच दिलं. सगळ्यांची मिळून एकच तरंगअवस्था लिहिली, जिच्यात जोड्यांची नेमकी संख्याही ठरलेली नाही. प्रत्येक जागी 'जोडी आहे' आणि 'जोडी नाही' यांचं मिश्रण, आणि त्या मिश्रणाचा कोन सगळीकडे तोच.

तो कोन म्हणजे फेज. पुस्तकी मराठीत कला, चंद्राच्या कलेतली कला. शब्द सुंदर आहे पण वापरला की लोक चित्रकला समजतात, म्हणून फेजच म्हणतो.

आता ठेचकाळण्याचं. ढोल-ताशा पथक डोळ्यांपुढे आणा. पन्नास ढोल एका ठोक्यावर. रस्त्यातला खड्डा एका वादकाला अडखळवू शकतो, पण खड्ड्याने पथकाचा ताल बदलत नाही. ताल बदलायचा तर पन्नासांनी एकदम बदलावा लागेल, आणि खड्डा तर एकेकालाच भेटतो. तारेतला करंट म्हणजे फेजचा कोन तारेच्या लांबीवर थोडा थोडा वळत जाणं. वेटोळ्यात तो एक पूर्ण फेरी मारून पुन्हा जुळायलाच हवा, म्हणून फेऱ्या पूर्णांकातच. दोन किंवा तीन, अडीच नाही. करंट कमी व्हायचा तर एक अख्खी फेरी सुटावी लागते, आणि त्यासाठी कुठे तरी अतिसंवाहकता मोडावी लागते. हेलियमवाल्यांच्या क्वेंचमध्ये हेच झालं, जरा घाऊक प्रमाणात.

इन्सुलेटरमध्ये गॅप आहे, पण असा सामाईक कोनच नाही. उलट काही अतिसंवाहकांमध्ये काही दिशांना गॅप शून्य असतो, तरी ते अतिसंवाहक. म्हणजे गॅप हे मुख्य पात्र नव्हे, फेजचा ताठपणा हे मुख्य पात्र.

फेऱ्या मोजूनही झाल्यात. १९६१ साली अमेरिकेत आणि जर्मनीत, दोन गटांनी स्वतंत्रपणे अतिसंवाहक नळीतलं अडकलेलं चुंबकीय प्रवाहाचं सर्वात लहान पुडकं मोजलं. फ्रिट्झ लंडन यांच्या आधीच्या भाकितापेक्षा ते बरोब्बर अर्धं निघालं. पुडक्याच्या सूत्रात छेदात एका इलेक्ट्रॉनऐवजी दोघांचा भार. जोडीचा यापेक्षा स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

निवृत्त_मास्तर

यात एक भर. मिश्रणाचा कोन नुसता कागदावरचा नाही, हे १९६२ साली केंब्रिजच्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने, ब्रायन जोसेफसनने दाखवलं. दोन अतिसंवाहकांमध्ये पातळ इन्सुलेटर ठेवा, व्होल्टेज शून्य, तरी फेजच्या फरकाने करंट वाहतो. खुद्द बार्डीन यांनी ते छापील विरोध करून नाकारलं होतं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला इतिहासातला एकमेव माणूस, आणि या वादात तो चुकला! त्याच सांध्यांवर बर्कलीला १९८४-८५मध्ये केलेल्या प्रयोगांना २०२५चं नोबेल मिळालं. क्लार्क, देव्होरे, मार्टिनिस. हातात धरता येईल अशा विद्युतमंडलात अख्खा कोन ऊर्जेच्या भिंतीपलीकडे, जणू बोगद्यातून, निसटतो, हे त्यांनी दाखवलं होतं.

गोट्या_गडकरी_चाळ

प्रश्न बाळबोध आहे. बुलेट ट्रेन यावरच चालणार ना?

शंकासुर

नाही. मुंबई-अहमदाबादची चाकांवर, रुळांवर. जपानमध्ये अतिसंवाहक चुंबकांवर तरंगणारी गाडी आहे, तिने २०१५ साली चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर गाठले. ती वेगळी.

चार_घात_एन

वाचत होतो, आता राहवेना. मी या विषयातली आकडेमोड करतो, संगणकावर. वरची चर्चा बार्डीन-कूपर-श्रिफर यांच्या राज्यातली आहे, जिथे ओढ जाळीतून येते. मला वाटतं खरी मजा पुढे आहे, जिथे जाळी बाजूला ठेवली आणि हातात फक्त ढकलणंच उरलं.

१९८६. झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता दिसली. पुढच्या वर्षी त्याच्या इट्रियम असलेल्या भावंडाने ९३ केल्विन गाठले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे महागडा हेलियम नको. १९९३पर्यंत पाऱ्याच्या ऑक्साइडने १३३ केल्विनपर्यंत मजल मारली. आणि ही कुटुंबं मुळात काय? मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ, आणि भेसळ न करता घेतली तर चक्क इन्सुलेटर.

इन्सुलेटर का, हे पंगतीवरून सांगतो. पाट म्हणजे अणूची जागा, पाहुणा म्हणजे इलेक्ट्रॉन. प्रत्येक पाटावर एक पाहुणा. एका पाटावर दोघं बसले तर भयंकर भांडण, त्याची किंमत यू. शेजारच्या पाटावर सरकण्यात थोडा फायदा, तो टी. हबर्ड यांनी १९६३मध्ये मांडलेलं मॉडेल म्हणजे हे दोनच नियम, तिसरा नाही. सगळे पाट भरलेले आणि यू मोठा असेल तर कोणी हलूच शकत नाही. इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा अर्धा रिकामा असूनही वीज वाहत नाही. याला मॉट इन्सुलेटर म्हणतात. पण पाहुणे अगदी स्वस्थही नसतात. शेजाऱ्याच्या पाटावर क्षणभर डोकावून परत येण्याची मुभा फिरकी (इलेक्ट्रॉनचा स्पिन, वर किंवा खाली) उलट असेल तरच मिळते, कारण सारख्या फिरकीच्या दोघांना पाउली एका पाटावर क्षणभरही बसू देत नाही. त्या डोकावण्याने थोडी ऊर्जा वाचते. म्हणून शेजारी-शेजारी फिरकी उलटसुलट लागते, वर-खाली-वर-खाली. बघा, नुसत्या ढकलण्यातून शेजाऱ्यांमध्ये एक करार तयार झाला.

आता भेसळ करून काही पाहुणे उठवा. दर शंभर पाटांतून सोळाएक. रिकामे पाट फिरू लागतात, पण प्रत्येक सरकण्याने वर-खालीची रांग बिघडते. एक रिकामा पाट मागे बिघाडाची रेघ सोडत जातो, दुसरा त्याच वाटेने गेला तर रेघ काही अंशी दुरुस्त होते. इथेही भाजीवालाच, फक्त घोळका फिरकीचा. जोडीतले दोघं एका पाटावर कधीच येत नाहीत, त्यामुळे यूचा दंड भरावा लागत नाही. जोडीच्या तरंगाचं चिन्ह पूर्व-पश्चिमेला अधिक आणि उत्तर-दक्षिणेला उणे होतं, मध्ये शून्य. वर फोनॉन म्हणाले ना, काही दिशांना गॅप शून्य, ते हेच. १९९४ साली आयबीएमच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्सुएई आणि कर्टली यांनी तीन स्फटिक वेगवेगळ्या कोनांत जोडून त्यांच्या सांध्यावर चुंबकीय प्रवाहाच्या त्या सर्वात लहान पुडक्याचंही अर्धं पकडलं. चिन्ह बदलत नसतं तर अर्धं पुडकं येऊच शकत नाही.

रेघेच्या गोष्टीवर फार विसंबू नका. तिच्यावर आमच्यातच भांडणं आहेत. अँडरसन यांनी १९८७मध्ये वेगळंच चित्र मांडलं. मॉट इन्सुलेटरमध्येच फिरक्यांच्या जोड्या आधीपासून जमलेल्या आणि सतत जोडीदार बदलणाऱ्या असतात, भेसळीने त्यांना फक्त वाट मोकळी मिळते. हा सिद्धांत वाढवण्यात चेन्नईचे जी. बास्करन पहिल्यापासून होते.

शंकासुर

दोनच नियम, तर संगणकाला घालून मोकळे का होत नाही?

चार_घात_एन

माझं नाव वाचा. एका पाटाच्या चार अवस्था: रिकामा, वर, खाली, दोघं. १६ पाट म्हणजे चारचा सोळावा घात, सव्वाचारशे कोटी. ४ गुणिले ४ची पंगत, आणि लॅपटॉप तिथेच बसला. १५० पाट घेतले तर अवस्था दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त. नमुने घेऊन सरासरी काढावी म्हटलं तर इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीचं उणे चिन्ह आडवं येतं, मोठे धन आणि मोठे ऋण आकडे एकमेकांना खातात आणि उरतो तो कचरा. एका सरळ रेषेतली पंगत १९६८मध्ये लीब आणि वू यांनी कागदावर पूर्ण सोडवली. चटईसारखी पसरलेली अजून सुटलेली नाही.

हल्लीचा हिशोब असा. शेजारच्याच पाटावर सरकायची मुभा असेल तर एक-अष्टमांश भेसळीला अतिसंवाहकता हरते आणि फिरकी व भार यांचे पट्टे जिंकतात. तिरक्या पाटावरही थोडं सरकू दिलं की अतिसंवाहकता उगवते, पट्ट्यांच्या सोबतीने. २०२४मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन्ही अवस्थांच्या ऊर्जेत फरक इतका बारीक की वर्षभराची गणना एका दशांशावर टांगलेली असते. मी त्यातलाच एक टांगलेला.

पुरणपोळी_डाएट

ते दोन-तीन वर्षांपूर्वी कोरियात खोलीच्या तापमानाला सापडलं होतं त्याचं काय झालं? व्हिडिओत खडा तरंगत होता.

शंकासुर

त्या खड्याचं नाव एलके-९९, जुलै २०२३. नमुन्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती, ते १०४ सेल्सिअसच्या आसपास आपली स्फटिकरचना बदलतं आणि प्रतिरोध एकदम पडतो. पडतो म्हणजे शून्य होत नाही. तरंगणं म्हणाल तर एक कोपरा कायम खाली टेकलेला. मास्तरांनी सांगितलेली १९३३ची कसोटी लावली की निम्मे दावे तिथेच गळतात.

वाट_चुकलेला_फोनॉन

त्यापेक्षा घरची, खरी गोष्ट सांगतो. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, आहे. तिथल्या एस. रामकृष्णन यांच्या गटाने २०१६च्या अखेरीस शुद्ध बिस्मथचा स्फटिक अतिसंवाहक झालेला दाखवला. तापमान? ०.५३ मिलिकेल्विन. हेलियमवाल्यांच्या मशिनपेक्षा आठ हजार पट थंड. लोकांना यात काय विशेष असं वाटेल. विशेष हे की बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन. नेहमीच्या हिशोबात इलेक्ट्रॉन चपळ आणि आयन सुस्त हे गृहीत असतं. इथे इलेक्ट्रॉन इतके थोडे की त्यांची ऊर्जा जाळीच्या कंपनांएवढीच. भाजीवाला आणि बायका एकाच चालीने. मग माझं वरचं उदाहरण पुरतं कोसळतं, तरी जोड्या जमतात.

त्याच इमारतीत दुसऱ्या एका गटाने नायोबियम नायट्राइडचे पातळ थर मुद्दाम बिघडवत नेले. खूप बिघडवले की प्रतिरोध परत येतो त्या तापमानाच्या वरही गॅप शाबूत दिसतो. म्हणजे जोड्या आहेत, सामाईक कोन हरवलाय. ढोल आहेत, वादक आहेत, ताल फुटलाय. शंकासुरांच्या दुसऱ्या शंकेला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते कुलाब्यातून आलंय याचा मला, परदेशात बसून का होईना, अभिमान आहे.

हेलियमवाला

भाचीने खाली लिहायला सांगितलंय, तिचं खातं अजून मंजूर झालेलं नाही. तिच्याच शब्दांत:

"फोनॉनदादा, तुम्ही दिलेलं 'ई'चा उणे एक भागिले लॅम्डा हे मी लॅम्डा शून्याजवळ मालिकेत उलगडून बघत होते. म्हणजे ओढ अगदी छोटी धरायची आणि पहिली दुरुस्ती, दुसरी दुरुस्ती असं करत जायचं, वर्गात शिकवतात तसं. पहिला सहगुणक शून्य आला. दुसरा काढला, शून्य. तिसराही शून्य. चार पानं भरली. माझं कुठे चुकतंय?"

वाट_चुकलेला_फोनॉन

कुठेही नाही. चौथाही शून्यच येईल, आणि शंभरावाही. छोट्या छोट्या दुरुस्त्या जोडत जाऊन तिथे पोचताच येत नाही. फाइनमननीही या प्रश्नावर काही वर्षं घालवली होती. तुझी चार पानं जपून ठेव.